‘पुट अप’ म्हणजे नक्की काय वर ठेवायचं?

भाचा फोर्टातल्या एका कचेरीत नुकताच चिकटला. तिसऱ्याच दिवशी साहेब कागद देऊन म्हणाले, “चारच्या आत पुट अप कर.” पठ्ठ्याने तो नोटीस बोर्डावर लावला. साहेबांना हवी होती टेबलावर टिप्पणी. रात्री मला विचारतो, “मामा, माझं काय चुकलं?”

इंग्रजीच्या हिशेबाने काहीच नाही. नोटीस पुट अप करतात म्हणजे लावतात, तंबू उभारतात, छत्री उघडतात. फाइल पुट अप करणं हे मात्र आपल्याकडच्या कचेऱ्यांचं खास बोलणं. मी मंत्रालयात 31 वर्षं काढली. 1964चा राजभाषा अधिनियम आला, फाइलची ‘नस्ती’ झाली, तळाला ‘आदेशार्थ सादर’ लिहायची सवयही लागली. पण तोंडी अजून “पुटअप झालं का?” हेच. ‘सादर झालं का?’ असं विचारलं तर समोरच्याला नाटकाचा प्रयोग आठवतो.

मला गंमत वाटते ती मुक्कामाची. पाहुण्याला घरी ठेवून घेणं म्हणजेही पुट अप. इंग्रज पाहुण्याला वर चढवतो, आपण विचारतो, “कुठे उतरलात?” मुंबईत त्यातही घोटाळा. “दादरला उतरलोय” म्हणजे गाडीतून की मावशीकडे, हे पुढचं वाक्य येईपर्यंत कळत नाही.

तेव्हा ‘अप’मध्ये ‘वर’ शोधत बसू नये. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये येशू पीटरला तलवार पुट अप करायला सांगतो, म्हणजे म्यान करायला! शिकारीत झुडपातला पक्षी पुट अप करतात, म्हणजे उठवतात. इथे आपलं ‘रान उठवणं’ अगदी शेजारी येऊन बसतं. अमेरिकेत लोणची-मुरंबे बरणीत भरून टिकवण्यालाही पुट अप म्हणतात. आपण लोणचं घालतो. शिवाय चष्मा घालतो, वाद घालतो, शिव्या घालतो, पाहुण्याला जेवू घालतो आणि बाळाला अंघोळ घालतो. मराठी शिकणाऱ्या एखाद्याने ‘घालणे म्हणजे काय?’ असं एका शब्दात विचारलं, तर आपणही डोकं खाजवू. क्रियापद एकटं बोलत नाही, शेजारचं नाम त्याला बोलतं करतं.

‘पुट-अप जॉब’ सोपा आहे: आधीच ठरवून रचलेला बनाव.

खरा पेच ‘पुट अप विथ’चा. कोश ‘सहन करणे’ देतात, ते मला पटत नाही. दाढदुखी आपण सहन करतो. शेजाऱ्याचा रात्री अकराचा टीव्ही, विरार लोकलच्या दारात अडून उभा राहणारा, बायकोच्या मते माझं घोरणं, यांत दुखण्यापेक्षा वैताग जास्त असतो, आणि ‘आता काय करणार’ हेही असतं. ‘खपवून घेणे’ जवळचं, पण ते नकारातच शोभतं: “हे मी खपवून घेणार नाही!” होकारात ‘चालवून घेणे’ बसतं, फक्त त्यातली धुसफूस जरा कमी पडते. बायको म्हणाली, “सोसणे लिही, मी तेच करतेय.” सोसण्यात फार करुणा आहे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “मग बरोबरच आहे.”

याहून नेमका शब्द कुणाच्या घरात बोलला जात असेल तर सांगा.