अकरावी सायन्स: बायोलॉजी, कॉम्प्युटर सायन्स बायफोकल की आयटी?

कावेरी_पालक

मुलगी दहावी झाली, स्टेट बोर्ड. सायन्स नक्की, कल इंजिनिअरिंगकडे. पण घरातल्या मोठ्यांचं म्हणणं, मेडिकलचा रस्ता आत्ताच कशाला बंद करायचा? कॉलेज तीन पर्याय देतंय: पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो) आणि सोबत मराठी किंवा आयटी, पीसीएम आणि कॉम्प्युटर सायन्स बायफोकल, किंवा पीसीएम, भूगोल आणि एक भाषा. माहितीपत्रकात विषयांची नावं आहेत, बाकी काही कळत नाही. तीन शंका:

१. बायफोकलचे २०० गुण म्हणजे नक्की काय? टक्केवारीत कसे धरतात?
२. आयटी आणि कॉम्प्युटर सायन्स एकच का?
३. बायो सोडलं आणि पुढे विचार बदलला, तर काय?

खडूफळा

आधी हिशेब मांडू, म्हणजे निम्मा गोंधळ जाईल. बारावीचे गुण ६०० पैकी. इंग्रजी सक्तीचं, १०० गुण. दुसरी जागा भाषेची. तिथे मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन वगैरेंपैकी एक किंवा त्याऐवजी आयटी. उरले चार ऐच्छिक विषय, प्रत्येकी १००. पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे सगळ्यांनाच आहेत, पण त्यांना श्रेणी मिळते, ते ६०० मध्ये येत नाहीत.

बायफोकल विषय २०० गुणांचा, म्हणून तो दोन जागा घेतो: भाषेची एक आणि एका ऐच्छिक विषयाची एक. म्हणजे इंग्रजी १००, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून ३००, कॉम्प्युटर सायन्स २००. झाले ६००. यात बायो नाही आणि मराठीही नाही. दुसरी गोष्ट बऱ्याच पालकांच्या प्रवेशानंतर लक्षात येते. ‘पीसीएमबी ठेवून वर बायफोकल’ असं होत नाही, तेवढ्या जागाच शिल्लक राहत नाहीत.

आता कोणत्या विषयाने कोणता रस्ता उघडा राहतो ते बघा. मॅथ्स सोडलं तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर गेलं. बायो सोडलं तर ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतून होणारे अभ्यासक्रम (एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस) आणि बीएस्सी नर्सिंग गेलं. बस, मुख्य एवढंच. बी. फार्मसीसाठी बायो लागतंच हा सर्रास गैरसमज आहे. फिजिक्स, केमिस्ट्री आणि सोबत मॅथ्स किंवा बायो, दोन्हींपैकी काहीही चालतं. बीएस्सी ॲग्रीलाही पीसीएम आणि पीसीबी दोन्ही गट चालतात.

म्हणून घरात विचारायचा प्रश्न ‘मेडिकलचा रस्ता उघडा ठेवायचा का’ हा नाही. ‘मुलगी नीटला खरंच बसणार आहे का’ हा आहे. उत्तर ‘बघू’ असेल तर माझ्या मते बायो घेऊ नये. बारावी बायोचा पेपर ७० गुणांचा, त्यात बॉटनी आणि झूलॉजी दोन्ही, वर ३० गुणांचं प्रॅक्टिकल. आकृत्या काढायच्या, जर्नल पूर्ण करून सही घ्यायची. कडेला ठेवलेला विषय म्हणून हा परवडत नाही: बोर्डाच्या आधी जे दोन महिने सीईटीच्या (इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेच्या) मॅथ्सला द्यायचे, ते यात जातात, आणि नीटच्या दर्जाचा अभ्यास तर झालेलाच नसतो.

सीईटीचं गणितही सांगून ठेवतो. पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न, एकेक गुणाचे, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. मॅथ्सचे ५० प्रश्न, दोन-दोन गुणांचे, ९० मिनिटं. एकूण २०० पैकी निम्मे गुण एकट्या मॅथ्सचे. निगेटिव्ह मार्किंग नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर, ८० टक्के बारावीवर. पीसीएमबीवाल्यांना दोन्ही गटांच्या परीक्षा देता येतात, पण त्या वेगवेगळ्या असतात आणि तयारीही दुहेरी लागते.

तिसऱ्या शंकेचं उत्तर: बारावीनंतर जादा विषय म्हणून बायो उत्तीर्ण झालेल्यांना नीटसाठी पात्र धरलं जाईल, असं नॅशनल मेडिकल कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. म्हणजे परतीची वाट आहे. पण वर्ष जातं आणि प्रॅक्टिकलची सोय आपण शोधायची, तेव्हा तिच्या भरवशावर आज निर्णय घेऊ नका.

आठ_शून्य_आठ_पाच

दुसऱ्या शंकेबद्दल. आयटी आणि कॉम्प्युटर सायन्स यांचा अभ्यासक्रमही वेगळा आणि परीक्षाही वेगळी.

आयटी १०० गुणांचं: ८० ची परीक्षा कॉम्प्युटरवर, अडीच तास, आणि २० चं प्रॅक्टिकल. सायन्सच्या बारावीला एचटीएमएल ५, जावास्क्रिप्ट, पीएचपी, एसईओ, ई-कॉमर्स असं वेब डिझाइनच्या अंगाने जाणारं. प्रश्न बरेचसे वस्तुनिष्ठ: रिकाम्या जागा, चूक-बरोबर, जोड्या, आणि एक, दोन किंवा तीन पर्याय बरोबर असलेले बहुपर्यायी. गुण जातात ते दोन-तीन बरोबरवाल्यात, कारण मुलं एक बरोबर पर्याय दिसला की पुढे जातात. शेवटी कोड लिहायचा असतो. तिथे टॅग बंद न करणं आणि जावास्क्रिप्टमध्ये कॅपिटल-स्मॉल अक्षरांची गल्लत या दोन नेहमीच्या चुका. आठवड्याला दोन-तीन तास नीट दिले तर हा गुण देणारा विषय आहे.

कॉम्प्युटर सायन्स जड आहे. दोन पेपर, प्रत्येकी ५० ची लेखी आणि ५० चं प्रॅक्टिकल. पेपर एकमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर, सी++, एचटीएमएल. पेपर दोनमध्ये ८०८५ मायक्रोप्रोसेसर, त्याची इन्स्ट्रक्शन्स, ८०५१ मायक्रोकंट्रोलर, नेटवर्किंग. ८०८५ आज जुनाट वाटेल आणि आहेच, पण रजिस्टर, फ्लॅग आणि मेमरी यांचा व्यवहार त्यावर जितका उघडा दिसतो तितका इतरत्र दिसत नाही.

मुलं अडकतात ती असेंब्लीत, म्हणजे ८०८५ चे प्रोग्रॅम त्याच्या इन्स्ट्रक्शन्समध्ये लिहिताना. नेहमीचा प्रोग्रॅम घ्या: मेमरीतल्या ओळीने ठेवलेल्या संख्यांमधली सर्वांत मोठी शोधा. एचएल जोडीत सुरुवातीचा पत्ता, एका रजिस्टरमध्ये संख्यांची मोजणी, ॲक्युम्युलेटरमध्ये आतापर्यंतची मोठी संख्या. तुलना केली की ॲक्युम्युलेटर लहान असेल तर कॅरी फ्लॅग १ होतो. बरेच जण इथे जेसी (कॅरी १ असेल तर उडी) आणि जेएनसी (कॅरी ० असेल तर उडी) उलटं लावतात आणि सर्वांत लहान संख्या काढून बसतात. पहिली संख्या आधीच उचललेली असते, तरी मोजणी एकने कमी करत नाहीत, मग प्रोग्रॅम यादीबाहेरची एक जागा वाचतो. उत्तर नेमून दिलेल्या पत्त्यावर साठवायचं राहून जातं ते वेगळंच. उपाय एकच: प्रत्येक ओळीनंतर रजिस्टरात काय आहे याचा तक्ता हाताने भरणे. दहा प्रोग्रॅम असे केले की पाठांतराची गरज उरत नाही. सी++ च्या बाजूला क्रमाने न लावलेल्या यादीवर बायनरी सर्च चालवणं ही चूक तितकीच ठरलेली.

कॉलेजात विचारायचे प्रश्न: लॅबची बॅच किती मुलांची, आठवड्यात प्रॅक्टिकलचे तास किती, शिक्षक पूर्णवेळ आहेत का, बायफोकलची फी वेगळी किती. जागा ठरावीक असतात. सायन्सला प्रवेश मिळाला म्हणजे बायफोकल मिळालंच असं नाही.

कावेरी_पालक

खूप उपयोग झाला दोघांचा. जेईईला बसली तर पर्यायी विषयाचा काही संबंध येतो का? आणि भूगोलाबद्दल कोणीच बोललं नाही.

मूळांक

येतो, पण क्रमवारीत नाही, पात्रतेत. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाला बारावीत ७५ टक्के (एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. हे टक्के पाच विषयांचे: फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, एक भाषा आणि आणखी एक विषय. तो पाचवा विषय म्हणजे तुमचा हा पर्याय. जेईई मेन्सचा अभ्यास करताना बोर्डाकडे दुर्लक्ष होतंच, तेव्हा तिथे गुण पडतील असा विषय असणं बरं.

भूगोल सायन्सवाल्यांसाठी ८० लेखी आणि २० प्रॅक्टिकलचा सुटसुटीत विषय आहे. क्लासच्या वेळा सांभाळणाऱ्यांना सोयीचा, आणि पीसीएम + भूगोल + मराठी यात भाषाही टिकते. मात्र बऱ्याच कॉलेजांत सायन्सच्या वेळापत्रकात त्याचा तास लावलेला नसतो आणि मुलं स्वतः वाचून पेपर देतात. आधी वेळापत्रक मागा.

माझं मत: जेईई किंवा सीईटीचा पूर्णवेळ क्लास असेल तर भूगोल. क्लासचा भार कमी असेल आणि प्रोग्रॅमिंगची मनापासून आवड असेल तरच बायफोकल.

खडूफळा

मूळांक यांच्याशी सहमत. फक्त क्लास आणि कॉलेज एकत्र असलेल्या ठिकाणी बायफोकल बहुधा मिळतच नाही, हे धरून चाला.

कागदपत्रांचं एक. विषय बदलायचा तर अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांत, लेखी अर्ज देऊन आणि पोच घेऊन. बारावीला बोर्डाचा अर्ज भरल्यावर कॉलेज प्री-लिस्ट (भरलेली माहिती तपासायची यादी) देतं, त्यावर विद्यार्थ्याची सही घेतात. नावाचं स्पेलिंग सगळे बघतात, विषयांचे सांकेतिक क्रमांक कोणी बघत नाही. फिजिक्स ५४, केमिस्ट्री ५५, बायो ५६, सायन्सचं मॅथ्स ४० (कॉमर्सचं ८८, ते वेगळं). आयटी घेतलं तर सायन्ससाठी ९७. ९८ आर्ट्सचं आणि ९९ कॉमर्सचं, आणि तिन्हींचा अभ्यासक्रम सारखा नाही. सही करण्याआधी हे आकडे मुलीलाच स्वतः ताडून बघायला सांगा.