विषय: गणेशोत्सवाआधी सीपीआर आणि प्रथमोपचार शिबिर, मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

सप्रेम नमस्कार,

यंदाही गणेशोत्सवासाठी इथे न्यू जर्सीतल्या आपल्या नेहमीच्या शाळेचं सभागृह मिळालं आहे. त्याआधीच्या एका रविवारी सकाळी सीपीआर (हृदय बंद पडलेल्याची छाती दाबणं आणि कृत्रिम श्वास देणं) आणि प्रथमोपचाराचं शिबिर घ्यावं, असं कार्यकारिणीच्या मनात आहे. आपल्याकडे त्या दिवशी तान्ह्या बाळांपासून भारतातून आलेल्या ऐंशी वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळे एका छताखाली असतात. रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं आपल्याच हातात असतात. सभासदांनी मत कळवावं.

---

प्रेषक: एक आजीव सभासद

नमस्कार. शिबिर जरूर व्हावं, पण काही शंका आहेत. इथे परक्या माणसाला हात लावला आणि बरगडी मोडली तर कोर्टकचेरी मागे लागेल का? दुसरं, माझे सासू-सासरे सहा महिने आमच्याकडे असतात. दिवसभर घरात ते दोघं आणि दोन वर्षांची नात, एवढेच. फोनवर इंग्रजी बोलायला दोघंही बिचकतात. त्यांनी नेमकं काय करावं? आणि लहान मुलांना मोठ्यांसारखंच दाबायचं का, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

---

प्रेषक: एक सभासद, आपत्कालीन विभागातील परिचारिका

ताई, तुमच्या तिन्ही शंका महत्त्वाच्या आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायद्याचं. न्यू जर्सीत गुड समॅरिटन कायदा आहे. शुद्ध हेतूने, मोबदल्याशिवाय मदत करणाऱ्याला तो संरक्षण देतो, एईडी (हृदय पुन्हा सुरू करण्यासाठी विजेचा झटका देणारं यंत्र) वापरणाऱ्यालाही. बरगड्या मोडतात, विशेषतः वयस्क माणसांच्या. मोडलेली बरगडी काही आठवड्यांत सांधते. थांबलेलं हृदय मात्र आपोआप सुरू होत नाही. सीपीआर आणि एईडी दोन्ही मिळाले नाहीत, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. रुग्णवाहिका कितीही वेगाने आली तरी हा हिशेब आपल्या बाजूने नसतो.

आणि हे परक्या माणसापुरतं मुळीच नाही. अमेरिकेत रुग्णालयाबाहेर वर्षाला साडेतीन लाखांहून जास्त लोकांचं हृदय अचानक बंद पडतं आणि त्यातले बहुतेक घरातच कोसळतात. म्हणजे ज्याच्या छातीवर हात ठेवायची वेळ येईल, तो बहुधा आपलाच नवरा, आई किंवा सासरे असतील. २०१८ च्या अमेरिकन कोलेस्टेरॉल मार्गदर्शिकेत दक्षिण आशियाई वंश हा हृदयरोगाचा धोका वाढवणारा घटक म्हणून स्पष्ट लिहिला आहे. हे आपण मनावर घ्यायला हवं.

आता कृती. माणूस कोसळला की खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. उत्तर नाही आणि श्वास नाही, किंवा मधूनच आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा श्वास येतो आहे, तर हृदय बंद पडलं आहे असंच धरून चाला. ही घरघर पाहून लोक फसतात. ‘श्वास चालू आहे, झोपलेत,’ म्हणून कुशीवर वळवून ठेवतात आणि मोलाची मिनिटं तिथेच जातात. ९११ (इथला आपत्कालीन मदतीचा क्रमांक) लावा, फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवा. जवळ कोणी असेल तर बोट दाखवून सांगा, ‘तू फोन लाव, तू एईडी आण.’ नुसतं ‘कोणीतरी फोन करा’ म्हटलं की कोणीच करत नाही.

माणसाला कडक जमिनीवर उताणं ठेवा. पलंगावर किंवा सोफ्यावर दाब गादीतच जिरतो. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची मनगटाकडची बाजू ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ ठेवून, कंबरेतून झुकून, अंगाचा भार टाकत दाबा. खोली किमान ५ सेंटीमीटर, ६ च्या पुढे नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण त्याच क्षणी हृदयात पुन्हा रक्त भरतं. दमल्यावर दाब उथळ होतो आणि करणाऱ्याला ते कळतही नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला. कृत्रिम श्वास शिकला असाल तर ३० दाबांमागे २ श्वास द्या. शिकला नसाल किंवा मन घेत नसेल, तर मोठ्या माणसाला नुसते दाब देत राहा, तेही खूप आहे.

मुलांचं वेगळं का, तर मोठ्यांचं बहुधा हृदय आधी बिघडतं, मुलांचा बहुधा श्वास आधी अडतो: घशात काही अडकतं, पाण्यात बुडतात, दम्याचा झटका येतो. त्यांच्या रक्तातला प्राणवायू आधीच संपलेला असतो. म्हणून मुलांना दाबाबरोबर श्वास हवेतच. छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश दाबायचं, म्हणजे वर्षापुढच्या मुलाला साधारण ५ सेंटीमीटर आणि वर्षाखालच्या बाळाला ४. मूल लहान असेल तर एका हाताने पुरतं. बाळाला दोन बोटांनी दाबायचं असं पूर्वी शिकवत. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या ऑक्टोबर २०२५ च्या नव्या मार्गदर्शिकेने ते काढून टाकलं, कारण बोटांनी पुरेसं खोल दाबलं जात नाही. आता बाळाची छाती दोन्ही हातांत धरून दोन अंगठ्यांनी, किंवा एका तळहाताच्या टाचेने, म्हणजे मनगटाकडच्या बाजूने, दाबायचं. श्वास देताना बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाका आणि छाती जेमतेम उचलेल एवढाच गालातला वारा द्या. ज्यांनी काही वर्षांपूर्वी शिकलं असेल, त्यांनीही या शिबिराला पुन्हा बसावं.

सासू-सासऱ्यांसाठी: फोन लॉक असला तरी त्यावरून ९११ लागतो. त्यांना फक्त पत्ता आणि ‘नॉट ब्रीदिंग’ एवढं पाठ करून द्या, मग ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ म्हणायचं. बहुतेक केंद्रांकडे फोनवर दुभाष्याची सोय असते. पत्ता मोठ्या अक्षरात, देवनागरीत, फ्रिजवर चिकटवा. घाबरल्यावर पाठ असलेला पत्ताही आठवत नाही.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्या लोकांनी सीपीआर दिला, स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना. संकोच हे त्यामागचं एक कारण असावं असं मला वाटतं. आपल्या उत्सवात तर बायका साडीत, पदराला पिना लावलेल्या. दाब साडी-ब्लाउजवरूनच सुरू करा, काहीही काढत बसू नका. एईडी आला की मात्र त्याच्या पट्ट्या उघड्या त्वचेवरच लागतात, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरी डाव्या काखेच्या खाली बाजूला. तेव्हा ब्लाउज कात्रीने कापा. मंगळसूत्र पट्टीखाली येत असेल तर बाजूला सरकवा. दोघी-तिघींनी ओढण्या धरून आडोसा करावा. जीव वाचवताना लाज धरण्याचं काहीही कारण नाही, आणि हे पुरुषांनाही स्पष्ट सांगायला हवं.

---

प्रेषक: मराठी शाळा, बालवर्ग शिक्षिका

ताई, खूप आभार. आमच्या वर्गात खाऊच्या सुट्टीत मुलं शेंगदाणे, खोबऱ्याचे तुकडे, द्राक्षं घेऊन येतात. घशात अडकलं तर पाठीत थापट्या की पोट दाबणं, याबद्दल प्रत्येक जण वेगळं सांगतो. मागच्या महिन्यात एका आजींनी ‘उलटं धरून हलवा’ असंही सांगितलं.

---

प्रेषक: परिचारिका

उलटं धरू नका, डोक्यावर थापटू नका, आणि दिसत नसलेली वस्तू काढायला घशात बोट घालू नका, ती आणखी आत जाते.

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. आवाज फुटत नसेल, ओठ काळे-निळे पडू लागले, तर पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे ५ जोरदार थापा. नाही निघालं तर मागे उभं राहून बेंबीच्या वर मूठ ठेवून आत-वर असे ५ दाब. वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने. २०२५ पासून मोठ्यांसाठीही हाच क्रम आहे. वर्षाखालच्या बाळाचं पोट कधीही दाबायचं नाही: बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर ५ थापा, मग उताणं करून छातीवर तळहाताच्या टाचेने ५ दाब. मूल बेशुद्ध झालं की लगेच सीपीआर सुरू.

द्राक्षं उभी चिरून द्या. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊच नका. प्रसादाच्या खोबऱ्याचाही कीस ठेवावा, ही माझी स्वयंपाकघर समितीला मनापासून विनंती.

तेच मोदकांच्या वाफेचं. भाजलं की वाहत्या नळाखाली किमान १० मिनिटं, जमलं तर २०. बर्फ नको, तूप नको, टूथपेस्ट नको. हरतालिकेचा उपास धरून मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना घाम, थरथर, भ्रम झाला तर शुद्धीत असेपर्यंत साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. आजूबाजूच्या खुर्च्या सरकवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर ९११.

---

प्रेषक: ढोलपथक

आम्ही सभागृहात जाऊन आलो. एईडी व्यायामशाळेच्या दाराशी भिंतीवर आहे, पण तिथे जाणारी मार्गिका (कॉरिडॉर) शनिवार-रविवारी दार लावून बंद ठेवतात. इथे ‘जॅनेटचा कायदा’ आहे. ११ वर्षांची जॅनेट झिलिन्स्की २००६ मध्ये चीअरलीडिंगच्या सरावात कोसळून मरण पावली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि सप्टेंबर २०१४ पासून न्यू जर्सीच्या शाळांत एईडी सक्तीचा झाला. पण कायद्याचा रोख शाळेच्या वेळेवर आणि शाळेच्याच खेळांवर आहे, भाड्याने घेतलेल्या सभागृहावर नाही. तेव्हा ते दार उघडं हवं, हे आपणच करारात लिहून घ्यावं.

आमच्यातल्या हायस्कूलच्या मुलांना सीपीआर शाळेतच शिकवला आहे, इथे तो हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी आवश्यक आहे. ती मुलं शिबिरात मदतीला येतील. ढोल वाजत असताना हाक ऐकू येत नाही, म्हणून ध्वजवाल्याने ध्वज आडवा धरला की सगळ्यांनी तत्क्षणी वादन थांबवायचं, असं आम्ही ठरवलं आहे.

---

प्रेषक: सचिव, कार्यकारिणी

शिबिर नक्की झालं. मराठीतून होईल, आजी-आजोबांसाठी वेगळा गट असेल. मोठा माणूस, मूल आणि बाळ असे तिन्ही सरावाचे पुतळे मिळाले आहेत. प्रमाणपत्र मिळणार नाही. नोकरीसाठी ते हवं असेल तर वेगळा अभ्यासक्रम करावा लागेल. मार्गिकेच्या दाराबद्दल शाळेला लेखी कळवलं आहे, उत्तर आलं की इथेच टाकतो. खोबऱ्याचा कीस स्वयंपाकघर समितीने मान्य केला. नावं शुक्रवारपर्यंत द्यावीत. गुडघे दुखतात त्यांनी नावापुढे तसं लिहावं, म्हणजे त्यांचा पुतळा टेबलावर ठेवता येईल.