शब्दचर्चा: निषेध, हरकत की खलिता?

भाषांतरवाली: एका इतिहासविषयक लेखाचं भाषांतर करतेय. इटलीच्या बारी केंद्रावरून अरबीत चालणारं प्रसारण आणि त्याबद्दल ब्रिटनने रोमकडे वेळोवेळी केलेले ‘प्रोटेस्ट’ हा विषय. मे १९३४ मध्ये हे कार्यक्रम सुरू झाले. आधी गाणी आणि बातम्या, फारसं बोचरं काही नाही. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने अबिसीनियावर (आजच्या इथिओपियावर) स्वारी केली, ब्रिटनशी बिनसलं आणि सूर बदलला. एप्रिल १९३६ पासून ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये अरबांचा संप आणि मग उठाव. तेव्हा तर कॉफीखान्यात रेडिओभोवती कोंडाळं करून लोक बारी ऐकायचे. मी लिहिलं, ‘ब्रिटनने इटलीचा निषेध केला.’ पण वाचताना लंडनमध्ये कुणीतरी मुसोलिनीचा पुतळा जाळतंय असं वाटतं. दुसरा शब्द आहे का?

जुनी फाईल: तुमचा कान बरोबर आहे. निषेध म्हणजे मुळात मनाई. विधिनिषेध या जोडीत तो अर्थ अजून शाबूत आहे. हिंदीवाले ‘प्रवेश निषेध’ अशी पाटी लावतात, ती वाचून मराठी माणसाला क्षणभर वाटतं की आत जाण्याविरुद्ध मोर्चा निघालाय. आपल्याकडे मनाईला ‘निषिद्ध’ उरलं आणि निषेध रस्त्यावर उतरला. काळ्या फिती, सभात्याग, ‘निषेध असो!’. त्यात धिक्कार मिसळलेला आहे. वकिलातीतला माणूस धिक्कार करायला जात नाही, त्याला उद्या त्याच टेबलावर चहा प्यायचा असतो.

‘निषेधखलिता’ वापरून पाहा. जुन्या वर्तमानपत्रांत तो चालायचा.

निवृत्त तलाठी: ताई, ‘हरकत’ घ्या. आमच्याकडे फेरफाराची नोटीस चावडीवर लागायची: कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मुदतीत कोणी आलं नाही तर नोंद प्रमाणित. मग दहा वर्षांनी भाऊबंद कितीही ओरडोत, पहिला प्रश्न हाच, ‘तेव्हा हरकत का नाही घेतली?’ दोन देशांतही हेच चालतं. गप्प राहिलात तर तुम्हाला मान्य होतं असा अर्थ निघतो. हरकत घेणाऱ्याला पुष्कळदा ठाऊक असतं की समोरचा ऐकणार नाही. तरी तो घेतो, कारण ती कागदावर यायला हवी.

भाषांतरवाली: काका, हे पटलं. पण ‘हरकत’ म्हटलं की ‘काही हरकत नाही’ आठवतं. फार मवाळ नाही का?

जुनी फाईल: मवाळ आहे म्हणूनच चालेल. शब्दाचा प्रवासही मजेदार आहे. अरबीत ‘हरकत’ म्हणजे हालचाल. हिंदीत ती वाईट चालीची झाली, ‘ये क्या हरकत है’. मराठीत ती आडवी आली आणि आक्षेप बनली. शिवाय गाणाऱ्याची हरकत आहेच. म्हणजे बारीवरचा गवई हरकत घेतो आणि रोममधला ब्रिटिश राजदूतही हरकतच घेतो, क्रियापदसुद्धा तेच!

खलित्याबद्दल मात्र मीच दुरुस्ती करतो. खलिता म्हणजे मुळात पत्र घालायची थैली, त्यावरून दरबारी पत्र. तेव्हा कागद हातात दिला असेल तरच खलिता म्हणा. राजदूत लॉर्ड पर्थ परराष्ट्रमंत्री चियानोला भेटून तोंडी बोलला असेल, तर ‘कानावर घातलं’ किंवा ‘नापसंती कळवली’. आणि कृपा करून ‘समज दिली’ लिहू नका. समज वरचा खालच्याला देतो. राजदूताला बोलावून समज दिल्याच्या बातम्या रोज छापून येतात, तो भाग वेगळा.

भाषांतरवाली: आता पुढचा खड्डा. ‘होस्टाइल प्रॉपगंडा’ला मी ‘अपप्रचार’ केलंय.

कारवारकर: इथे माझी हरकत. अपप्रचार म्हटलं की ते खोटंच होतं असा निकाल तुम्ही देऊन टाकता. ब्रिटनची खरी पंचाईत ही होती की सगळं खोटं नव्हतं. जून १९३६ मध्ये ब्रिटिश फौजेने पॅलेस्टाइनमधल्या याफाच्या जुन्या वस्तीतली घरं सुरुंग लावून उडवली आणि सांगितलं काय, तर शहर सुधारतोय! असल्या गोष्टीला तिखटमीठ लावायचीही गरज नसते. पुढे बारीला उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ ला बीबीसीची अरबी सेवा सुरू झाली. तिच्या पहिल्याच बातमीपत्रात पॅलेस्टाइनमधल्या एका अरबाला फाशी दिल्याची बातमी होती. बातमी खरी, आपल्याच केंद्राची, आणि चडफडलं कोण? ब्रिटनचंच परराष्ट्र खातं.

गोव्याचं उदाहरण घ्या. १९५५ ते १९६१ वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेवरच्या जंगलातून गुप्त केंद्र चालवत होते, कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’. पणजीतल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला तो अपप्रचार, माझ्या आजीला तो आवाज. म्हणून ‘विरोधी प्रचार’ लिहा, फार तर ‘विखारी प्रचार’. नुसता प्रचार हा आपल्याकडे सभ्य शब्द आहे, निवडणुकीचाही असतो आणि हिंदीचाही.

निवृत्त तलाठी: आणि लोकांना उठवायला बघणं म्हणजे ‘चिथावणी’. राष्ट्रसंघाचा (तेव्हाच्या ‘लीग ऑफ नेशन्स’चा) १९३६ चा रेडिओबद्दलचा करार आहे ना, दुसऱ्या देशातल्या लोकांना तिथली शांतता मोडायला उद्युक्त करणारं प्रसारण करू नये म्हणणारा, तिथे हाच शब्द बसतो. इटली त्या करारात आलीच नाही, तेव्हा ब्रिटनला त्याचा उपयोग शून्य.

भाषांतरवाली: हो, म्हणून तर दोघांत वेगळा करार झाला. १६ एप्रिल १९३८, रोम, सह्या पर्थ आणि चियानो यांच्या. एकमेकांच्या हिताला बाध आणणारा प्रचार करणं चांगल्या संबंधांशी विसंगत ठरेल, अशी त्यात कबुली. माझं वाक्य आता असं: ‘बारी आकाशवाणीच्या विखारी प्रचाराला ब्रिटनने वारंवार हरकत घेतली, पॅलेस्टाइन तेव्हा ब्रिटिश जनादेशाखाली होतं.’

जुनी फाईल: दोन गोष्टी. आकाशवाणी म्हटलं की डोळ्यांसमोर आपलं सरकारी केंद्र येतं, बारीला ते नको. ‘नभोवाणी’ किंवा सरळ ‘रेडिओ’. आणि ‘जनादेश’ काढाच. तिथल्या जनतेने ब्रिटिशांना निवडून दिलं होतं असं वाटेल, तेही उठाव चालू असताना!

भाषांतरवाली: अरे देवा. मग ‘मँडेट’ला काय?

जुनी फाईल: ‘मँडेट’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत सांगा, राष्ट्रसंघाने ब्रिटनकडे सोपवलेला कारभार.

कारवारकर: ‘सोपवलेला’ला पण माझी हरकत आहे.