टुगेंडहाट व्हिलाचा वारसा नेमका कोणाचा?

अनवट (धागाकर्ती)

चेक प्रजासत्ताकातील ब्रनो शहरात, उतारावरच्या एका बागेच्या वरच्या टोकाला १९३० साली पूर्ण झालेला टुगेंडहाट व्हिला जगभर ओळखला जातो तो लुडविग मीस फान डेर रोहे यांची निर्मिती म्हणून. ज्यांचे नाव त्याला मिळाले ते फ्रिट्झ आणि ग्रेटे टुगेंडहाट हे कापड व्यवसायात स्थिरावलेल्या ज्यू घराण्यांतले दांपत्य होते, आणि त्यांचा उल्लेख बहुधा 'खर्च करणारे घरमालक' एवढ्यावरच आटोपला जातो. माझ्या मते या वास्तूच्या वारशात त्यांचा वाटा वास्तुशिल्पकाराच्या बरोबरीचा आहे.

ग्रेटे यांनी १९६९ साली ब्रनोमध्येच दिलेल्या व्याख्यानात आराखड्यावरून झालेल्या चर्चेची हकीकत सांगितली होती. फ्रिट्झ यांनी सुचवले की लहान खोल्यांत पोलादी खांब मोकळे उभे नसावेत, कारण माणूस त्यांवर आदळेल; दोघांच्या शयनगृहांमधले न्हाणीघर उघडे न ठेवता बंदिस्त करावे; आणि सगळ्या खिडक्यांना ऊन अडवण्याची सोय असावी. मीस यांनी हे सगळे विनातक्रार मान्य केले. नंतरचा आक्षेप मात्र दारांवर होता. जमिनीपासून थेट छतापर्यंत पोचणारी दारे कालांतराने वाकतील, अशी भीती फ्रिट्झ यांना घालण्यात आली होती. तसे असेल तर मी हे घर बांधणारच नाही, असे मीस यांनी सांगून टाकले आणि दारे छतापर्यंतच झाली. कुठे अडून बसायचे आणि कुठे माघार घ्यायची याची जाण असलेला घरमालक नसता, तर हा आराखडा कागदावरच राहिला असता.

तिठा

आपली मांडणी वाचनीय आहे, पण पटली नाही. न्हाणीघराला भिंत आणि खिडकीला पडदा ही कोणत्याही घरमालकाची रास्त मागणी असते. तिला वास्तुकलेतले योगदान म्हणता येणार नाही. या घराचा वारसा आहे तो त्याच्या रचनेत. क्रोमचा मुलामा चढवलेल्या, फुलीच्या आकाराच्या पोलादी खांबांनी सगळा भार उचलला, म्हणून दिवाणखान्यातल्या भिंती मोकळ्या झाल्या; मग ऑनिक्स दगडाची एक सरळ भिंत आणि मकासार एबनी लाकडाची एक अर्धवर्तुळाकार भिंत केवळ जागेला आकार देण्यासाठी उभी करता आली. बागेकडच्या प्रचंड काचांपैकी दोन काचा विजेच्या मोटरवर जमिनीखाली सरकतात. ही सगळी प्रतिभा मीस आणि त्यांच्या सहकारी लिली राइश यांची. १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनातील मीस यांच्याच जर्मन दालनातही ऑनिक्सची भिंत आणि फुलीच्या आकाराचे खांब होतेच, आणि तिथे कोणतेही व्यापारी कुटुंब नव्हते.

शिवाय चेक समीक्षक कारेल टायगे यांनी त्याच काळात या घरावर श्रीमंती मिरवल्याचा ठपका ठेवला होता, तो मला आजही रास्त वाटतो. शहरात कामगारांच्या घरांचा प्रश्न असताना एका कुटुंबासाठी एवढा ऑनिक्स आणणे हे काही धाडस नव्हे.

अनवट

बार्सिलोनाचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. त्या दालनात कोणी झोपले नाही, कोणाची मुले वाढली नाहीत आणि प्रदर्शन संपल्यावर ते उतरवण्यातही आले. आज तिथे दिसते ती १९८६ ची पुनर्बांधणी. उलट ब्रनोच्या घराबद्दल १९३१ साली 'डी फॉर्म' या जर्मन नियतकालिकात युस्टस बीअर या कलासमीक्षकांनी थेट प्रश्न केला होता की या घरात राहता येते का. त्यांचे म्हणणे असे की हे प्रदर्शनात राहणे झाले. दगडाच्या शिरा आणि लाकडाचे रेषाकाम एवढे ठळक आहे की भिंतीवर एखादे चित्र टांगण्याचीही सोय उरत नाही.

या प्रश्नाला मीस उत्तर देऊ शकतच नव्हते. फ्रिट्झ आणि ग्रेटे या दोघांनीही त्याच नियतकालिकात उत्तरे दिली. चित्रे टांगता येत नाहीत हे ग्रेटे यांनी नाकारले नाही; पण या जागेची भव्यता आपल्याला दडपून टाकणारी नसून मोकळे करणारी वाटते, आणि तिथे एखादे फूल किंवा एखादा माणूसही एरवीपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो, असे त्यांनी लिहिले. मीस यांच्याच अमेरिकेतील फार्न्सवर्थ हाउसमध्ये घरमालकीण आणि वास्तुशिल्पकार यांचा वाद कोर्टात गेला, आणि त्या काचेच्या घरात राहता येते का ही शंका त्याला कायमची चिकटली. ब्रनोत तसे झाले नाही याचे श्रेय आपण कोणाला देणार?

टायगे यांच्या टीकेतली सामाजिक बाजू मला मान्य आहे. या धाग्याचा विषय तो नाही.

जुनी वही

आपण दोघेही १९३० मध्येच अडकून पडला आहात. टुगेंडहाट कुटुंब या घरात राहिले डिसेंबर १९३० पासून १९३८ पर्यंत, म्हणजे आठ वर्षेदेखील नाही. नाझींच्या धोक्यामुळे ते आधी स्वित्झर्लंडला आणि मग व्हेनेझुएलाला गेले. १९३९ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, घर जप्त केले, १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य आले, त्यानंतर तिथे नृत्यशाळा चालली आणि १९५० पासून साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत पाठीच्या कण्याचे विकार असलेल्या मुलांना त्याच दिवाणखान्यात व्यायाम दिला जात असे. ज्या भिंतीसमोर बसून ग्रेटे शांतपणे वाचत असतील, तिच्यासमोर या मुलांनी त्यांच्या दुपटीहून अधिक वर्षे घालवली. २६ ऑगस्ट १९९२ रोजी चेक पंतप्रधान क्लाउस आणि स्लोव्हाक पंतप्रधान मेचियार यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या विभाजनाची बोलणी केली तीही याच घरी.

२००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या या घराचे २०१० ते २०१२ या काळात जे नूतनीकरण झाले, त्याने ते पुन्हा १९३० मध्ये नेऊन ठेवले. म्हणजे वारसा मीस यांचा की टुगेंडहाटांचा, हा वाद घालताना बाकी सगळ्यांना आधीच दाराबाहेर काढले गेले आहे.

तिठा

इथे मात्र मी धागाकर्तीच्या बाजूला आहे, हे लिहिताना मलाच गंमत वाटते. व्यायामशाळा कुठेही भरवता येते. हा दिवाणखाना दुसरीकडे कुठेही नाही. एबनीच्या भिंतीचेच पाहा. युद्धकाळात ती घरातून नाहीशी झाली आणि २०११ मध्ये तिच्या फळ्या ब्रनोतल्याच विधी महाविद्यालयाच्या इमारतीत भिंतीला जडवलेल्या सापडल्या. ती इमारत गेस्टापोच्या ताब्यात होती. आपल्या न्यायाने त्या फळ्याही 'इतिहासाचा थर' म्हणून तिथेच ठेवायला हव्या होत्या काय?

अनवट

एक मुद्दा दोघांच्याही नजरेतून सुटला आहे. नूतनीकरणासाठी आधार म्हणून वापरलेल्या साधनांत फ्रिट्झ यांनी हौसेने काढलेली घराची छायाचित्रे होती, आणि त्या कामावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष इव्हो हामर हे ग्रेटे यांच्या धाकट्या कन्येचे, कलेतिहासकार डॅनिएला हामर-टुगेंडहाट यांचे पती. घर आज ब्रनो शहराच्या मालकीचे आहे, कुटुंबाच्या नाही. तरीही ते जसे होते तसे उभे करण्यात कुटुंबाचा हात दुसऱ्यांदा लागला.

जुनी वही

फळ्या परत आणल्या याला माझी हरकत नाही. त्या चोरीच्या होत्या. व्यायाम करणारी मुले चोर नव्हती. फ्रिट्झ यांची छायाचित्रे १९३८ ला थांबतात कारण त्यांना पळावे लागले, आणि नेमक्या त्याच ठिकाणी तज्ज्ञ समितीनेही घराचे घड्याळ थांबवले. दिवाणखान्याचा एक कोपरा जरी १९६० सारखा ठेवला असता, तरी मीस यांचे खांब काही हलले नसते.