‘पहिली महिला’ सगळ्यांना पाठ असते, पण दुसरी कोण आणि ती किती वर्षांनी?

काजवा
हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. जनरल नॉलेजच्या पुस्तकात पहिली महिला अमुक, पहिली महिला तमुक अशी लांबलचक यादी असते, नाव आणि साल पाठ करायचं की झालं. अंतराळात पहिली वॅलेंतिना तेरेश्कोवा, १९६३. बरोबर. पण दुसरी बाई अंतराळात गेली ती थेट १९८२ मधे, स्वेतलाना सावित्स्काया, म्हणजे मधे १९ वर्षं! फिजिक्सचं नोबेल मेरी क्युरीला १९०३ मधे आणि त्यानंतर एकदम १९६३, मारिया गोपर्ट मायर. साठ वर्षं. आणि एव्हरेस्टवर मात्र जुन्को ताबेई १६ मे १९७५ ला पोचली आणि अकराच दिवसांनी तिबेटच्या बाजूने फांटॉग पोचली. हा एवढा फरक कशामुळे पडतो? एक जण पोचली की पुढच्यांची वाट मोकळी होते असं आपण धरून चालतो, ते कितपत खरंय? कुणी वाचलं असेल तर जरा सविस्तर लिहा, नुसती नावं नकोत.

उत्तररात्र
अंतराळाबद्दल लिहितो, त्यातलं बऱ्यापैकी वाचलंय.

तेरेश्कोवा कापड गिरणीत कामाला होती आणि हौस म्हणून पॅराशूट जंपिंग करायची, त्यावरच तिची निवड झाली. कारण त्या वोस्तोक यानातून परतताना शेवटी बाहेर उडी मारून पॅराशूटने उतरावं लागायचं. १६ जून १९६३ ला गेली, पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या, जवळपास ७१ तास. तोपर्यंत अमेरिकेचे सगळे अंतराळवीर मिळून जेवढा वेळ वर राहिले होते त्याहून जास्त वेळ ही एकटी राहिली! आता मुद्दा असा की तिच्याबरोबर आणखी चार जणी निवडल्या होत्या, ट्रेनिंगही झालं होतं, पण त्यातली एकही कधी गेली नाही आणि १९६९ मधे तो गटच मोडीत काढला. म्हणजे सोव्हिएत युनियनला ‘पहिली’ हा मान मिळवायचा होता, तो मिळाला, विषय संपला.

अमेरिकेतली गोष्ट तर याहून वाईट. अंतराळवीरांची निवड करताना ज्या मेडिकल टेस्ट घेतल्या होत्या त्याच टेस्ट जेरी कॉब आणि आणखी १२ महिला पायलट खासगीत देऊन पास झाल्या होत्या, १९६२ मधे संसदेच्या समितीपुढे त्याची सुनावणी पण झाली. पण नासाची अट काय, तर जेट विमानाचा टेस्ट पायलट असला पाहिजे, आणि ते काम लष्करात करायचं आणि लष्करात ते बायकांना द्यायचेच नाहीत. कागदावर कुठेच ‘बायकांना बंदी’ असं लिहिलेलं नाही, तरी एकही बाई आत येऊ शकत नाही. मला हे फार चीड आणणारं वाटतं. त्या १३ जणींपैकी वॅली फंक शेवटी २०२१ मधे अंतराळात जाऊन आली, वयाच्या ८२ व्या वर्षी.

नासाने १९७८ मधे सहा महिला निवडल्या आणि त्यानंतर सोव्हिएत बाजूला परत एकदा बायकांची आठवण झाली. सावित्स्काया १९८२ ला आणि सॅली राइड १९८३ ला, हा योगायोग नाही असं माझं ठाम मत आहे.

पानगळ
क्युरीचं सांगते. १९०३ ला नोबेल समितीच्या मनात फक्त पिएर क्युरी आणि बेकेरेल ही दोनच नावं होती, स्वीडनच्या मिताग-लेफलर नावाच्या गणितज्ञाने पिएरला आधीच कळवलं आणि पिएरने लिहिलं की माझा विचार करणार असाल तर मेरीबरोबर करा, म्हणून तिचं नाव लागलं. पहिलीचं नाव लागणं सुद्धा असं एका पत्रावर अवलंबून होतं. नंतर १९११ च्या जानेवारीत फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीत ती अगदी थोडक्या मतांनी हरली आणि त्याच वर्षी तिला केमिस्ट्रीचं दुसरं नोबेल मिळालं. अकादमीत पूर्ण सदस्य म्हणून पहिली बाई आली ती १९७९ मधे, इव्होन शोके-ब्रुआ.

पण मला खरं लिहायचंय ते गोपर्ट मायरबद्दल, कारण ती साठ वर्षं रिकामी का गेली याचं उत्तर तिच्याच आयुष्यात आहे. नवरा प्रोफेसर, आणि तेव्हा विद्यापीठांचे नियम असे की नवराबायको दोघांना नोकरी द्यायची नाही. त्यामुळे नवऱ्याची नोकरी जॉन्स हॉपकिन्सला, मग कोलंबियाला, मग शिकागोला, आणि ही प्रत्येक ठिकाणी जवळजवळ बिनपगारी, कुठे कोपऱ्यातली एखादी खोली, कुठे नावापुरतं पद, पण शिकवतेय, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतेय, पेपर लिहितेय. अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ अशा ठरावीक आकड्यांना जास्त स्थिर का असतात हे तिने शेल मॉडेलने, म्हणजे ते केंद्रकात कवचांसारख्या थरांत बसतात असं मांडून, उलगडून दाखवलं ते याच काळात. विद्यापीठात पूर्ण पगाराची प्रोफेसर झाली ती १९६० मधे सॅन दिएगोला, आणि तीन वर्षांनी नोबेल! आता विचार करा की जिच्या नवऱ्याची नोकरी अशा ठिकाणी नव्हती, किंवा जिला बिनपगारी राहणं परवडणारं नव्हतं, त्या किती जणी मधेच गळाल्या असतील. त्यांची नावं कुठल्याच यादीत नाहीत.

तिसरी डोना स्ट्रिकलंड, २०१८. चौथी २०२० ला आंद्रेआ गेझ आणि पाचवी २०२३ ला आन लुइलिए. म्हणजे आता कुठे अंतर कमी व्हायला लागलंय.

डोंगरवाट
एव्हरेस्टचं उत्तर सोपं आहे. ताबेईने १९६९ मधेच बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला होता आणि ती एव्हरेस्टला १५ जणींची टीम घेऊन गेली. पैसे मिळेनात, घरी बसून मुलं सांभाळा असं लोक तोंडावर सांगायचे, तर या बायकांनी गाडीच्या सीटची कव्हरं कापून हातमोज्यांवर घालायची कव्हरं शिवली. शिखराच्या बारा दिवस आधी हिमस्खलनात ती गाडली गेली होती, शेर्पांनी खणून बाहेर काढली. आणि फांटॉग चीनच्या टीममधून गेली, त्यात पण बऱ्याच महिला होत्या. दोन्हीकडे मागे गट उभा होता, म्हणून अकरा दिवस.

आपली बचेंद्री पाल १९८४ ला गेली ती जगातली पाचवी बाई, हे पण कुणी सांगत नाही.

काजवा
वा, यातलं खूपसं माहीतच नव्हतं. मग डॉक्टरांचं काय? आनंदीबाई जोशी पहिल्या की कादंबिनी गांगुली, यावर नेहमी वाद होतो.

सांजवेळ
तो वाद तसा सोडवता येतो. दोघींना डिग्री १८८६ मधेच मिळाली, आनंदीबाईंना अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून आणि कादंबिनींना कलकत्त्याला. आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मधे गेल्या, वयाची २२ वर्षंही पूर्ण नव्हती, प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही. कादंबिनींनी पुढे बरीच वर्षं केली. मग रखमाबाई, शिक्षण लंडनला आणि १८९४ ला ब्रुसेल्सची एमडी, नंतर सुरत आणि राजकोटला कित्येक वर्षं बायकांचे दवाखाने सांभाळले. मला विचाराल तर तिघींना एकमेकींसमोर उभं करूच नये, आठ वर्षांत तिघी तीन वेगवेगळ्या वाटांनी पोचल्या हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

आणि काजवा, तुमच्या मूळ प्रश्नाला धरून अमेरिकेतलं उदाहरण बघा. एलिझाबेथ ब्लॅकवेल १८४९ ला जिनिव्हा मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. तिला घ्यायचं का हे कॉलेजने मुलांना विचारलं होतं आणि मुलांनी गंमत समजून हो म्हटलं. ती पहिल्या नंबराने पास झाली! तरीसुद्धा तिच्या सख्ख्या बहिणीने, एमिलीने, अर्ज केला तेव्हा त्याच कॉलेजने नाही म्हणून सांगितलं. पहिलीने उत्तम करून दाखवलं तरी दुसरीला प्रवेश नाही. एमिली दुसरीकडून डॉक्टर झाली आणि मग दोघी बहिणींनी १८५७ मधे न्यूयॉर्कमधे बायकामुलांसाठी स्वतःचं हॉस्पिटल काढलं आणि १८६८ ला मेडिकल कॉलेज, तेव्हा कुठे मागून येणाऱ्यांना जागा झाली. आनंदीबाईंचं कॉलेज पण तसंच, बायकांसाठीच काढलेलं. त्यांच्याबरोबर जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बुली होत्या, तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला १८८५ चा फोटो जरूर बघा.

वाचनवेडा
बायोकेमिस्ट कमला सोहोनी राहिल्या की. १९३३ मधे बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधे अर्ज केला तर सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून नाकारला, या मागे हटल्या नाहीत, शेवटी घेतलं ते पहिलं वर्ष प्रोबेशनवर आणि भलत्यासलत्या अटी घालून. काम बघितल्यावर तिथे पुढे मुलींना प्रवेश सुरू झाला आणि सोहोनींनी १९३९ ला केंब्रिजची पीएचडी केली. म्हणजे कधी कधी पहिलीमुळे वाट मोकळी होते सुद्धा, पण तिने भांडून अटच मोडली तर.

पानगळ
वाचनवेडा, अगदी मान्य, आणि यात सी. बी. मुथम्मा यांचं नाव घ्यायलाच हवं. १९४९ मधे परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. लग्न केलं तर राजीनामा देईन असं तेव्हा लिहून घेतलं होतं त्यांच्याकडून, आणि पुढे नियमच होता की महिला अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची. पुरुषांना असलं काही नाही. प्रमोशन डावललं म्हणून त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. केस चालू असतानाच सरकारने प्रमोशन देऊन टाकलं, त्यामुळे याचिका निकाली निघाली, पण १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले आणि असले सगळे नियम तपासायला सांगितलं.

तरी बघा, पहिल्या महिला परराष्ट्र सचिव चोकिला अय्यर झाल्या त्या २००१ मधे. मुथम्मा सेवेत आल्यापासून ५२ वर्षांनी. त्यानंतर निरुपमा राव २००९ ला आणि सुजाता सिंह २०१३ ला.