दुसऱ्या वाहिनीवर आपलं गाव कधी दिसणार?

नेपरव्हिलकर:
शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलला राहतो. केबल बंद करून खिडकीला अँटेना चिकटवलाय. पूर्वेला तोंड केलं की शिकागोच्या विलिस टॉवरवरून मुख्य वाहिन्या येतात, आणि त्यांच्या शेपटाला टिंब लागलेली भावंडंही, म्हणजे ५.२, ५.३ अशा जोडवाहिन्या. १२ जून २००९ला इथल्या मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं. तेव्हापासून डिजिटल प्रक्षेपणामुळे एका स्टेशनला मिळालेल्या ६ मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात चार-पाच वाहिन्या सहज बसतात.

एवढी जागा मिळून या जोडवाहिन्यांवर लागतं काय? पन्नास वर्षांपूर्वीच्या मालिका आणि मधे औषधांच्या जाहिराती. लहरी जनतेच्या आहेत, परवाना लोकांच्या सेवेसाठी मिळतो. मग रोज एक तास शाळेच्या मॅचला, गावच्या सभेला का नाही? मुंबई दूरदर्शनची एकच वाहिनी होती, तरी 'आमची माती आमची माणसं'ला तिथे जागा होती.

गवती चहा:
अजिबात पटलं नाही. गावची सभा बघणार कोण? आमच्या शेजारच्या आजी एकट्या राहतात, केबल परवडत नाही. संध्याकाळी सूप घेऊन त्या जुन्या मालिकेसमोर बसतात, संवाद कलाकारांच्या आधी म्हणतात. हीसुद्धा सेवाच आहे.

आणि पैशाचं काय? तयार कार्यक्रम नेटवर्क पुरवतं, जाहिरातींचा वेळ दोघांत वाटला जातो. स्टेशनला खर्च जवळजवळ नाही. स्वतःचं करायचं तर कॅमेरा, संकलक, निवेदक, सगळ्यांचे पगार आले. एनबीसी नेटवर्कने 'वेदर प्लस' या जोडवाहिनीवर स्थानिक हवामान देऊन पाहिलं, २००८मध्ये गुंडाळावं लागलं.

परतीचा पाऊस:
जुनं विरुद्ध स्थानिक हे भांडणच चुकीचं आहे. जुन्या मालिका दाखवणारं मीटीव्ही इथलंच! वेगल ब्रॉडकास्टिंग या कंपनीने २००५मध्ये शिकागोत सुरू केलं, देशभर गेलं डिसेंबर २०१०मध्ये. शनिवारी रात्री त्यावर भयपट सादर करणारा स्वेनगुली बघा: काळी हॅट, रंगवलेला चेहरा, अंगावर येणाऱ्या रबरी कोंबड्या, बर्विन या उपनगरावरचे विनोद. भयपट जुना, पण स्वेनगुली साकारणारा रिच कोझ आपल्या शहराचा.

नेपरव्हिलकर:
पाऊस, माझाच मुद्दा मांडलात. कोझला १९७९मध्ये इथल्या एका स्टेशनने मुख्य वाहिनीवर संधी दिली, म्हणून तो आज आहे. 'सोल ट्रेन' हा नाचगाण्यांचा कार्यक्रमसुद्धा १९७०मध्ये डब्ल्यूसीआययू या स्टेशनवर शिकागोपुरताच सुरू झाला, पुढच्या वर्षी देशभर पोचला. आज कोणी विशीतली मुलगी कल्पना घेऊन गेली तर तिला कुठली वाहिनी दार उघडेल? जागा तर तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहे. एबीसी नेटवर्कने २०२०मध्ये आपल्या स्टेशनांच्या जोडवाहिनीवर शहराशहरांतल्या गोष्टींचं 'लोकलिश' आणलंच ना?

गवती चहा:
लोकलिशमध्ये न्यूयॉर्क, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस सगळं एकत्र. त्यात नेपरव्हिल शोधून दाखवा.

पण एक कबूल करते. मागच्या उन्हाळ्यात टॉर्नेडोचा भोंगा वाजला, मी धावत आजींकडे गेले. त्यांच्या टीव्हीवर मालिका चालू, खाली नुसती इशाऱ्याची पट्टी सरकत होती. वादळ कुठल्या रस्त्यावर आलंय ते नकाशावर दाखवणारा माणूस त्याच स्टेशनच्या मुख्य वाहिनीवर होता. आजींना पट्टी वाचता येत नव्हती, चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. रोजचा तास राहू दे, पण अशा वेळी तरी मालिका थांबवून तोच माणूस जोडवाहिनीवर दाखवायला हवा. ही मागणी करणारं पत्र स्टेशनला लिहीत असाल तर त्यावर माझी सही घ्या.