मदत हवी आहे: १९७० च्या एमजीबीला पेट्रोलचा वास, पाइप बदलायला कुठून सुरुवात करू?

फडातला फिरंगी

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीकडचा, गेली अकरा वर्षं इंग्लंडात, मिडलंड्समध्ये. चार वर्षांपूर्वी एका निवृत्त शेजाऱ्याकडून १९७० सालची एमजीबी रोडस्टर घेतली, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. गडद हिरवी, १७९८ सीसी, एसयू कंपनीचे दोन एचएस४ कार्बोरेटर. गाडी देखणी आहे, स्वभावाने सासुरवाशीण नाही, सासू आहे.

गेल्या रविवारी गॅरेज उघडलं तर पेट्रोलचा भपका. बॉनेट उघडून बघितलं, खाली ओघळ वगैरे नाही. दोन कार्बोरेटरांना जोडणारा जो वीतभर रबरी पाइप आहे तो चिमटीत वाकवला, तर बाहेरच्या बाजूला बारीक बारीक भेगा, आणि बोटांना ओल. आता मजा अशी, की हा पाइप मी तीनच वर्षांपूर्वी इथल्या एका गॅरेजातून बदलून घेतला होता. नवा कोरा! पन्नास वर्षांचा जुना असता तर समजू शकलो असतो.

ज्यांना हे इंजिन माहीत नाही त्यांच्यासाठी: या गाडीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळका धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग) इंजिनाच्या एकाच बाजूला आहेत. म्हणजे वर पेट्रोल, खाली तापलेलं लोखंड, मध्ये पत्र्याची एक ढाल. त्या दिवसापासून गाडी चालू केलेली नाही. बायकोने तर सांगूनच टाकलंय की विम्याची कागदं कुठे आहेत ते आधी दाखव, मग काय जाळायचं ते जाळ.

आणखी एक. पूर्वी चावी फिरवली की मागचा पेट्रोल पंप आठ-दहा वेळा टकटक करून गप्प बसायचा. आता इंजिन बंद असलं तरी चार-पाच सेकंदांनी एकेक टक चालूच राहते.

तर एवढा एकच पाइप बदलू की सगळेच? रबर कुठलं घ्यावं? गाडीच्या पोटाखालून जाणारी लोखंडी नळीही गंजलेली दिसते, ती ठेवू का? प्लग, पॉइंट, ब्रेक पॅड एवढं मी स्वतः करतो. पेट्रोलला मात्र आजवर हात लावलेला नाही.

गॅस्केटराव

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मग धागा वाचत बसा. तुमच्या गाडीत सीटमागे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, एकीचीच काढून दुसरी विसरलो असं नको, साखळीतलं शेवटचं टोक काढा म्हणजे झालं. आणि ती टकटक "बघू पुन्हा येते का" म्हणून चावी फिरवत बसू नका.

चोक खेचा

माझ्याकडे बारा वर्षं एमजीबी जीटी आहे, हे सगळं दोनदा केलंय. एकदा चुकीचं, एकदा बरोबर.

पहिला प्रश्न: त्या पाइपवर काय छापलंय? भिंगातून बघा.

फडातला फिरंगी

बघितलं. काहीही नाही. कापडी विणीचं आवरण आहे, दिसायला अगदी जुन्या पद्धतीचं, म्हणूनच त्या गॅरेजवाल्याने "ओरिजिनल लुक" म्हणून लावलं होतं.

चोक खेचा

तिथेच घोटाळा आहे. कापडाची वीण असो की स्टीलच्या तारांची, आतलं रबर कुठलं आहे ते दिसत नाही, आणि ते तडकलं तरी दिसत नाही. तुम्हाला वरून भेगा दिसल्या म्हणजे आत काय असेल!

इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या धर्तीच्या नायट्राइल रबराला ते मानवत नाही. रबर आधी फुगतं, मऊ पडतं, मग गाडी महिना-दोन महिने उभी राहून सुकलं की कडक होऊन तडकतं. आपल्या गाड्या उभ्याच जास्त असतात. रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा हिवाळाभर पांघरुणाखाली झोपलेल्या गाडीचे पाइप लवकर जातात, हा माझा अनुभव.

घ्यायचं ते एसएई जे३० आर९ (पेट्रोलच्या पाइपाचा दर्जा सांगणारा शिक्का) असं स्पष्ट छापलेलं. याच्या आतला थर फ्लुओरोइलास्टोमर नावाच्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा असतो, ज्याला लोक व्हायटॉन म्हणतात. आर६ छापलेलं कार्बोरेटरसाठीच असतं, पण इथेनॉलपुढे टिकायचा भरवसा नाही. आर९ खरं तर इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेलं, आपला एसयू पंप देतो जेमतेम तीन-साडेतीन पीएसआय, म्हणजे दाबाचा प्रश्नच नाही. आपण ते दाबासाठी नाही, आतल्या अस्तरासाठी घेतो. बाजारात नुसतं छापून विकलेला मालही फिरतो, त्यामुळे मीटरभर फार स्वस्त मिळाला तर खूश होऊ नका.

माप घेताना व्हर्नियर (बारीक मापाचा कॅलिपर) वापरा. गाडी इंचातली आहे: पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, पाच सोळांश म्हणजे ७.९४. पाच सोळांशवर ८ मिमीचा पाइप चालून जातो, पाव इंचावर तोच पाइप क्लिप कितीही आवळली तरी रडणार.

आणि हो, सगळेच बदला. तीन वर्षांपूर्वी एकाच रिळातून कापून सगळीकडे लावला असेल तर सगळेच एका वयाचे आणि एका गुणाचे आहेत.

पद्मिनीपती

पुण्यातून लिहितोय. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे, स्पोर्ट्स कार नव्हे, पण पेट्रोलला जातपात कळत नाही. आमच्याकडे तर आता पंपावर ई२० च मिळतं. फिरंगीसाहेब, तुम्ही सांगलीचे ना? मग तुमच्याच भागातल्या कारखान्यांच्या मळीची दारू माझ्या गाडीला पाजतायत आणि तिचे पाइप सुजतायत, हा हिशेब आपण कधीतरी बसून मिटवू.

मला सांगायचंय ते लोखंडी नळीबद्दल. माझ्या मिस्त्रीने ती काढून सरळ तांब्याची घातली. वाकवायला सोपी, चकाचक. दीड वर्षाने इंजिनाजवळच्या वळणावर बारीक चीर गेली. तांबं थरथर सोसत नाही, हळूहळू कडक होतं आणि मोडतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, फ्रिजची नळी होती, चांगल्यातली होती." नाना पेठेत दिवसभर फिरून शेवटी स्टीलचीच आणली.

चोक खेचा

पद्मिनीपतींशी सहमत. तांबं नको. तांबं-निकेलची मिश्र नळी मिळते, इथे तिला कुनिफर म्हणतात, ब्रेकच्या पाइपांसाठी सर्रास वापरतात. गंजत नाही, हाताने वाकते, थरथर सोसते. एक गोष्ट मात्र विसरू नका: नळीच्या ज्या टोकावर रबर चढणार त्या टोकाला गोल उंचवटा काढून घ्या. गुळगुळीत टोकावरून रबर कधीतरी सरकतंच.

व्ही८चा भक्त

एवढं कशाला, स्टीलच्या जाळीचा पाइप लावा, रेसिंगवाले तोच लावतात. दिसतोही भारी.

चोक खेचा

रेसिंगवाले तो दर हंगामाला फेकूनही देतात. आणि तो आतून टेफ्लॉनचा असतो, टोकांना स्क्रूचे फिटिंग असतात. आपल्याकडे जो जाळीवाला विकतात त्यात बहुतेकदा साधं रबर आणि वरून जाळी, टोकाला होज क्लिप. जाळी क्लिपखाली नीट दबत नाही, तारा बोटात घुसतात ते वेगळंच. सौंदर्याची हौस असेल तर एअर फिल्टर पॉलिश करा.

फडातला फिरंगी

सगळ्यांचे आभार. पण टकटकीचं कोणी बोललं नाही.

चोक खेचा

तेच लिहायला बसलो होतो.

एसयू पंप म्हणजे गाडीचा स्टेथोस्कोप आहे. फ्लोट चेंबर (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाट्या) भरले, पेट्रोल अडवणाऱ्या सुया बसल्या, की पुढे जायला जागा नाही, पंप थांबतो. इंजिन बंद असताना तो सावकाश टक-टक करत असेल तर पेट्रोल कुठेतरी जातंय: एक तर पंपाच्या पुढच्या पाइपातून गळतंय, नाही तर कार्बोरेटरमधली सुई नीट बसत नाही. आणि धडधड जोरात, न थांबता करत असेल तर तो हवा ओढतोय. म्हणजे टाकी रिकामी किंवा टाकी ते पंप यांमधल्या पाइपाला भेग. त्या पाइपात दाब नसतो, ओढ असते, त्यामुळे तो ठिबकतही नाही आणि कोणी बघतही नाही. तुमच्या गाडीत पंप मागच्या चाकाजवळ पोटाखाली आहे, चिखल-मीठ सगळं त्याच्यावर.

तुमचं दुखणं पहिल्या प्रकारचं वाटतं. दोन्ही फ्लोट चेंबरच्या ओव्हरफ्लोच्या नळ्या खालून बघा. ओल्या किंवा डाग पडलेल्या असतील तर चोर सुई आहे. आणि सुई का बसत नसेल? पेट्रोलचा फिल्टर त्या वीतभर पाइपाच्या आधी असतो. तो पाइप आतून सुटायला लागला की त्याचा काळा चुरा फिल्टरला चुकवून थेट सुईखाली. नुसता पाइप बदलाल तर वास येतच राहील आणि तुम्ही नव्या पाइपाला शिव्या द्याल.

काम करताना: टाकी जवळपास रिकामी असू द्या. गाडी खड्ड्यावर घेऊ नका, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचते. उघड्यावर, स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही. गॅरेजात घर तापवणारा बॉयलर असेल तर तिथे अजिबात नको. मागचा पाइप काढला की पेट्रोल आपोआप वाहू शकतं, बोटाएवढा एक बोल्ट बूच म्हणून खिशात ठेवा. जुना पाइप ओढून काढू नका, ब्लेडने लांबीत चिरा, पण खालच्या नळीवर ओरखडा नको. क्लिपा गोल कडांच्या, नट-बोल्टवाल्या घ्या. दातेरी पट्टीच्या क्लिपा रबर कापतात. अग्निशामक हाताशी, आणि घरात कोणाला तरी सांगून ठेवा.

गॅस्केटराव

यात एकच भर. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून तिथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही, म्हणून तुमचं पोट कोणी वर्षानुवर्षं बघितलेलं नसेल. गाडीचं म्हणतोय. सक्ती नसली तरी स्वतःहून करून घेता येते, या कामानंतर एकदा करून घ्या.

फडातला फिरंगी

दोन आठवड्यांनी आलो, क्षमस्व. पाइप यायला वेळ लागला.

चोक खेचांनी सांगितलं तेच निघालं. पुढच्या कार्बोरेटरची ओव्हरफ्लो नळी ओली होती. झाकणाचे तीन स्क्रू काढले, आत तळाला काजळीसारखा चुरा. सुईच्या टोकावर तिळाएवढा रबराचा कण. पाइप उभा चिरला तेव्हा आतलं अस्तर नखाने सोललं गेलं, उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखं. मागचा टाकी-पंप पाइप तर हातात येताना दोन तुकडे झाला, तरी खाली थेंबभर डाग नव्हता.

पाचही तुकडे आर९ चे टाकले, दोन्ही सुया नव्या, फिल्टर धातूचा. पंप आता सात टक करतो आणि गप्प. वास गेला. बायको शेजारी बसून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत आली, परतताना मात्र चालत.

लोखंडी नळी तारेच्या ब्रशने घासली. मधला भाग ठीक, पण पंपाजवळ वीतभर जागेत खड्डे पडलेत. तेवढाच तुकडा कापून मध्ये रबर जोडलं तर चालेल का?

चोक खेचा

नाही. जोड म्हणजे आणखी दोन क्लिपा, आणि त्याही जिथे चिखल उडतो तिथे. पूर्ण नळी बदला, तयार वाकवलेली मिळते. तोवर लांब नेऊ नका, आणि टाकी काठोकाठ भरू नका.

फडातला फिरंगी

ठीक. ऑर्डर टाकतो. पद्मिनीपती, पुढच्या महिन्यात पुण्यात आहे, आर९ चा दोन मीटर तुकडा उरलाय. आणू का?

पद्मिनीपती

आणा. मिस्त्रीला दाखवतो, फ्रिजवाल्या नळीचा हिशेब बाकी आहे.